आरमधील जाळ्याचे चित्र जागेवर कसे राहिले

आर या संगणकभाषेच्या आयग्राफ या जाळी रेखाटणाऱ्या पॅकेजमध्ये झॅकरीच्या कराटे क्लबचे जाळे (क्लबमधील मैत्रीसंबंध; 34 सदस्य, 78 दुवे) काढताना प्रत्येक वेळी बिंदूंच्या जागा बदलत, कारण फ्रुक्टरमन-राइनगोल्ड या बिंदू मांडण्याच्या पद्धतीची सुरुवातच यादृच्छिक स्थानांपासून होते. यादृच्छिक आकड्यांची सुरुवात पक्की करणारी सेट.सीड ही आज्ञा वापरल्यावर तेच चित्र पुन्हा मिळाले, पण काही सदस्य वगळताच सारे विस्कटले. म्हणून पूर्ण जाळ्याचे सहनिर्देशक एकदाच काढून मॅट्रिक्समध्ये जपले आणि उपजाळ्यासाठी उरलेल्या सदस्यांच्याच ओळी बिंदूंच्या जागा ठरवणाऱ्या लेआउट या पर्यायाला दिल्या.

तरीही बिंदू सरकतच होते, आणि खरी मेख इथेच होती: प्लॉट हे फंक्शन मिळालेले सहनिर्देशक आपणहून उणे 1 ते 1 या मर्यादेत ताणून बसवते. असे ताणणारा रीस्केल हा पर्याय बंद करून दोन्ही अक्षांच्या मर्यादा पूर्ण जाळ्यावरून ठरवून दिल्यावर 1 क्रमांकाचा बिंदू, म्हणजे क्लबचा प्रशिक्षक, दोन्ही चित्रांत एकाच ठिकाणी दिसू लागला.