एकाच नमुन्यात अतिवाहकता आणि लोहचुंबकत्व: खात्री कशी करायची

युरोपियम, लोह आणि आर्सेनिकच्या थरदार संयुगात आर्सेनिकच्या जागी सुमारे 30 टक्के फॉस्फरस घाला. 26 केल्विनच्या आसपास ते अतिवाहक होतं, म्हणजे विजेला रोध शून्य, आणि 20 केल्विनला युरोपियमचं चुंबकत्व जागं होतं. 2009 साली हे प्रसिद्ध झालं. एरवी न पटणाऱ्या या दोघांचं इथे जमतं, कारण बिऱ्हाडं वेगळी: वीज लोह-आर्सेनिकच्या थरात, चुंबकत्व युरोपियमच्या.

आधी रोध मोजा. चांदीच्या पेस्टने चार तारा चिकटवा. बाहेरच्या दोघींतून प्रवाह, आतल्या दोघींवर व्होल्टेज. रोध शून्य झाला म्हणून लगेच पेढे वाटू नका. नमुन्यातून अतिवाहक अशी एखादी बारीक वाट गेली असली तरी तेवढंच दिसतं.

मग स्क्विड, म्हणजे अगदी क्षीण चुंबकत्वही मोजणारं यंत्र. नमुना प्लास्टिकच्या स्ट्रॉमध्ये बसवा, स्टीलचा चिमटा लांब ठेवा. यंत्राच्या चुंबकात उरलेलं क्षेत्र आधी घालवा, नमुना क्षेत्राविना थंड करा आणि मगच 10 अर्स्टेडचं (क्षेत्राचं एकक) क्षेत्र लावून तापवत मोजा. खरी कटकट इथे आहे: युरोपियमचा धन संकेत इतका दांडगा, की अतिवाहकाचा (तो क्षेत्र बाहेर ढकलतो म्हणून) ऋण संकेत झाकला जाऊ शकतो. वक्र शून्याच्या वर राहिला तरी नमुना फेकू नका.

शेवटी विशिष्ट उष्मा, म्हणजे नमुना एक अंश तापवायला लागणारी उष्णता, मोजाच. 20 केल्विनजवळ ठसठशीत शिखर आलं, तर चुंबकत्व अशुद्धीचं नाही, सगळ्या नमुन्याचं आहे. आणि हो, आर्सेनिक आहे, हातमोजे घाला.