जानेवारीत शिकागो बघायचंय? मग हे करा

मिशिगन तळ्यावरून येणारा वारा दहा मिनिटांत कान बधिर करतो, त्यामुळे डाउनटाउन फिरणं राहूनच जातं. त्यावर उपाय असा:

१. सकाळी थेट कल्चरल सेंटर गाठा. 1897 ची इमारत, पूर्वी इथे ग्रंथालय होतं. प्रवेश फुकट. 38 फूट व्यासाचा टिफनी काचेचा (नक्षीदार रंगीत काचेचा) घुमट मान वर करून सावकाश बघा, घाई करू नका.

२. तिथून पेडवेत उतरा. जमिनीखालून जाणारा हा पादचारी रस्ता दुकानं, कार्यालयं, स्टेशनं जोडतो. पाट्या बघत चाला.

३. दुपारी ग्रीन लाइन या शहरी रेल्वेने गारफील्ड पार्क कॉन्झर्वेटरी, म्हणजे झाडांचं मोठं काचघर. फलाटावर हीटरखाली उभं राहून बटण दाबा, नाहीतर तो सुरूच होत नाही. काचघरात शिरताच चष्म्यावर वाफ धरते. जाडा कोट लगेच काढा. बाहेर बर्फ आणि आत ताडांची, नेच्यांची हिरवाई! आईबाबांना भारतातून आणलं असेल तर ही जागा चुकवूच नका. प्रवेशाचे नियम, वार आणि वेळ आधी ऑनलाइन बघा.

एक काळजी घ्या: पेडवेचे बरेच भाग संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी बंद असतात. हा बेत कामाच्या दिवशीच ठेवा.