टायमिंग बेल्ट घरी बदलताय? किल्ली फिरवण्याआधी या चुका टाळा

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातला क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडणारा दातेरी पट्टा. त्याच्या कामात एक मोठा दिलासा आहे. स्टार्टर मारेपर्यंत केलेली जवळजवळ प्रत्येक चूक मागे घेता येते. बेल्ट एक दाता पुढे बसला, टेन्शनर (बेल्टला ताण देणारा रोलर) उलट्या बाजूला फिरवला, क्रँक-कॅम जुळवण्याची भलतीच खूण धरली, तरी हरकत नाही. बेल्ट उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा. किल्ली फिरवली की मात्र कारभार आपल्या हातात राहत नाही. इंटरफिअरन्स प्रकारच्या इंजिनात उघडा व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकाच जागेत येतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. ती वेळ बेल्ट सांभाळतो. वेळ चुकली की व्हॉल्व्ह वाकतात आणि बेल्टचं काम थेट हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवण्यावर जातं.

म्हणून खाली ज्या चुकांवर जास्त वेळ घालवला आहे, त्या सगळ्या किल्लीच्या अलीकडच्या आहेत. काम सुरू करण्याआधी आपल्या इंजिनाचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. गाडीबरोबर येणारी पुस्तिका इथे कामाची नाही. एकाच मॉडेलच्या दोन इंजिनांच्या खुणासुद्धा वेगळ्या असू शकतात.

खुणांचा घोळ

सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम एक फेरा फिरतो. त्यामुळे क्रँकची खूण जुळली एवढ्यावर पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनला आहे असं समजू नका. तो एक्झॉस्टलाही असू शकतो. ते कॅमची खूण सांगते. क्रँक जुळला आणि कॅम बरोबर उलट्या बाजूला दिसला, तर काही बिघडलेलं नाही. क्रँक आणखी एक फेरा फिरवा.

दुसरी गफलत पुलीवरच्या खुणेची. बाहेरच्या क्रँक पुलीत बहुतेकदा आतला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असतं. ते रबर जुनं झालं की कडी सरकते आणि तिच्यावरची खूणही तिच्याबरोबर जाते. शिवाय काही पुल्यांवर इग्निशनसाठीची वेगळी रेघ असते. पुलीची खूण इंजिन साधारण जागेवर आणण्यापुरतीच वापरा. पुली आणि कव्हर काढल्यावर खरा भरवसा आतल्या दातेरी चाकावरच्या, म्हणजे स्प्रॉकेटवरच्या, आणि त्यासमोर इंजिनाच्या बॉडीवर असलेल्या खुणेचा.

जुना बेल्ट उतरवण्याआधी पांढऱ्या रंगाने बेल्ट, स्प्रॉकेट आणि बॉडीवर रेघा मारा, फोटो काढा, दोन स्प्रॉकेटच्या खुणांमधले बेल्टचे दाते मोजून कागदावर लिहा. पण एक लक्षात ठेवा. आधीच्या माणसाने बेल्ट चुकीचा बसवला असेल तर तुम्ही त्याची चूक प्रामाणिकपणे उतरवून घेताय. रंगाच्या रेघा मॅन्युअलच्या खुणांशी ताडून पाहा.

माझ्या पहिल्या बेल्टवर कंपनीने छापलेल्या रेघा होत्या. बेल्ट चढवला तेव्हा तिन्ही जागी रेघा खुणांवर बरोबर आल्या. क्रँक हाताने दोन फेरे फिरवला, आणि स्प्रॉकेटच्या खुणा जुळल्या तरी बेल्टवरच्या रेघा कुठल्या कुठे गेल्या. मी घाबरून सगळं उतरवलं, पुन्हा चढवलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कागद घेऊन बसलो. क्रँक स्प्रॉकेटला २० दाते आणि बेल्टला ११७. दोन फेऱ्यांत बेल्ट ४० दाते पुढे सरकतो, म्हणजे रेघा पुन्हा जागेवर यायला क्रँकचे २३४ फेरे लागणार. त्या रेघा फक्त चढवताना बघायच्या असतात. फिरवल्यानंतर बघायच्या त्या स्प्रॉकेटच्या खुणा.

आणि 'एका दात्याने काय होतंय' असं म्हणू नका. २० दात्यांच्या क्रँकवर एक दाता म्हणजे १८ अंश.

बेल्ट निघाला की कॅम मोकळा होतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला ढकलत असतात, त्यामुळे दोन कॅमच्या इंजिनात एखादा कॅम खट्कन फिरून बसतो. लॉकिंग टूल वापरा. मात्र ते टूल किंवा पिन कॅमला जागेवर धरण्यासाठी असते, बोल्टवर लावलेला जोर झेलण्यासाठी नाही. पिनच्या आधारावर बोल्ट सोडवायला गेलात तर पिन वाकेल किंवा कॅमच तुटेल. डिझेल इंजिन असेल तर पंपाकडेही बघा. बऱ्याच इंजिनांत इंजेक्शन पंप याच बेल्टवर चालतो आणि त्याचीही जागा धरावी लागते.

क्रँकचा बोल्ट

हा बोल्ट सहजासहजी सुटत नाही. तो सोडवायला पाना अडकवून स्टार्टरचा झटका द्यायची युक्ती ऐकली असेल, तर विसरा. पाना निसटला तर हाताची किंवा रेडिएटरची खैर नाही, आणि बेल्ट आधीच निघालेला असेल तर व्हॉल्व्हची पण नाही. फ्लायव्हील किंवा पुली धरायचं योग्य टूल आणि लांब दांडी, एवढंच पुरतं.

घट्ट करताना अंदाज नको. काही इंजिनांत क्रँक स्प्रॉकेटला चावीच (स्प्रॉकेट क्रँकवर अडकवून धरणारा धातूचा तुकडा) नसते, ते निव्वळ बोल्टच्या दाबाने जागेवर राहतं. तिथे बोल्ट कमी कसला की स्प्रॉकेट सरकतं आणि टायमिंग जातं. ठरलेला टॉर्क (कसण्याचा जोर) आणि पुढे ठरलेले अंश असं ज्या बोल्टला सांगितलेलं असतं, तो बहुधा एकदाच वापरायचा असतो. नवा घ्या.

बेल्ट नवा, बाकी सगळं जुनं

बेल्ट बदलला आणि टेन्शनर, आयडलर (बेल्टला वळण देणारे रोलर) जुनेच ठेवले, तर ते काम अर्धंच झालं. जुना रोलर हाताने फिरवून 'आवाज नाही, चांगला आहे' म्हणणं फसवं असतं. आतलं ग्रीस संपत आलेलं असतं, आणि नव्या बेल्टचं आयुष्य संपेपर्यंत हे बेअरिंग टिकेल का, हे बोटांना कळत नाही. टेन्शनर जाम झाला की कितीही नवा बेल्ट उडतोच. वॉटर पंप याच बेल्टवर चालत असेल तर तोही आत्ताच बदला. उद्या तो गळायला लागला तर हेच सगळं पुन्हा उघडावं लागेल. कॅम आणि क्रँकचे ऑइल सील ओले दिसले तर तेही.

नवा बेल्ट चढवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून रुंदी, दात्यांचा आकार आणि दात्यांची संख्या जुळते का पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

बेल्ट हाताळताना

बेल्टच्या आत काचतंतूंच्या दोऱ्या असतात. बेल्ट दुमडला, पिळला, उलटा केला किंवा स्क्रू-ड्रायव्हरने ओढून चढवला की त्या आतल्या आत तुटतात. वरून काहीच दिसत नाही. बेल्ट चढत नसेल तर कुठेतरी टेन्शनर पुरता मागे गेलेला नाही, किंवा कॅम अर्धा दाता हललाय.

तेल आणि कूलंट हे त्याचे शत्रू. वॉटर पंप काढण्याआधी कूलंट पूर्ण उतरवा आणि नवा बेल्ट पंप बसल्यावरच जवळ आणा. तेल लागलेला बेल्ट पेट्रोलने पुसून लावू नका, दुसरा घ्या. (तेलातच चालणारे बेल्ट काही इंजिनांत असतात, पण ते वेगळ्याच रबराचे, आणि त्यांना ठरलेलंच ऑइल चालतं.)

ताण

बेल्ट क्रँकपासून चढवायला सुरुवात करा आणि जिकडे ओढ असते ती बाजू ताठ ठेवत पुढे जा. सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला जमला पाहिजे. उलट्या बाजूला राहिला तर टेन्शनर तो ओढून घेताना कॅम सरकवतो आणि मघाशी जुळलेली खूण आता एक दाता मागे असते.

सर्वात लांब टप्प्यावर बेल्ट बोटांनी पाव फेरा वळला की ताण बरोबर, हा जुना ठोकताळा आहे. काट्याच्या टेन्शनरवर तो वापरू नका. तिथे काटा खाचेसमोर आणायचा, इंजिन पूर्ण थंड असताना, आणि मॅन्युअलने सांगितलेल्या दिशेनेच फिरवून. उलट्या दिशेने फिरवूनही काटा जागेवर आलेला दिसू शकतो, पण तो ताण टिकत नाही. हायड्रॉलिक टेन्शनर असेल तर तो व्हाइसमध्ये उभा धरून अगदी सावकाश दाबा. घाईने दाबला तर आतलं सील जातं. आणि त्याची पिन बेल्ट चढल्यावर ओढायला विसरू नका. पिन आतच ठेवून कव्हर लावणारे लोक आहेत.

हाताने दोन फेरे

स्पार्क प्लग काढा, भोकांत काही पडणार नाही याची काळजी घ्या, आणि क्रँक बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा. कॅम बोल्टवरून कधीही फिरवू नका. बहुतेक इंजिनं बेल्टच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतात, पण काही उलटी फिरतात. खूण ओलांडून पुढे गेलात तर मागे आणू नका, आणखी दोन फेरे मारा. मागे फिरवलं की ढिलेपणा भलत्या बाजूला जातो.

इथे हाताने ऐकायचं असतं. कॉम्प्रेशनचा विरोध रबरासारखा असतो, दाब वाढतो आणि हळूहळू सुटतो. प्लग काढलेले असतील तर तोही जवळपास नसतो. पाना एका जागी टणकन थांबला तर ती धातूला धातू लागल्याची खूण आहे. तिथे जोर लावू नका. परत खुणांकडे जा. खुणा जुळल्या, काटा जागेवर राहिला, तरी मी आणखी दोन फेरे मारतो. कंटाळा येतो, पण मारतो.

किल्ली फिरवली, आणि...

स्टार्टर नेहमीपेक्षा भरभर, हलका फिरतोय आणि इंजिन पकडत नाही: कॉम्प्रेशन नाही. लगेच थांबा, पुन्हापुन्हा स्टार्टर मारू नका.

स्टार्टर नेहमीसारखा फिरतोय पण सुरू होत नाही: बेल्टला दोष देण्याआधी कॅम आणि क्रँक सेन्सरचे प्लग बघा. काम करताना काढलेला प्लग लावायचा राहून जातो.

सुरू झालं, पण थरथरतं, ओढ नाही, चेक इंजिन दिवा लागलाय आणि स्कॅनरवर पी ००१६ हा बिघाडाचा कोड दिसतोय: कॅम आणि क्रँक यांचा मेळ नाही. बहुधा एका दात्याची चूक. चालवून बघू नका, कव्हर उघडा.

वेगाबरोबर वाढणारी सुरात कण्हण्यासारखी आवाजाची रेघ म्हणजे ताण जास्त. सुरू करताना कव्हरवर फटफट म्हणजे कमी. बेल्टची कड झिजून भुकटी पडत असेल तर एखादी पुली तिरकी आहे किंवा क्रँकवरची गोल पत्री उलटी बसली आहे. तिची वळलेली कड बेल्टपासून बाहेरच्या दिशेला हवी.

तापमान चढतंय, हीटर मात्र थंड: कूलंटमध्ये हवा अडकली. इंजिन थंड झाल्यावर हवा काढून पातळी भरा. गरम असताना झाकण उघडू नका.

सगळं ठीक चाललं की कव्हरवर तारीख आणि किलोमीटर लिहून चिकटवा. तारीख लिहायचीच, कारण गाडी उभी असली तरी रबराचं वय वाढतच असतं.