पिल्लाला ट्रेनिंग क्लासला कधी न्यायचं? या चुका टाळा

पिल्लू घरी आलं की नातेवाईक, शेजारी, कधी कधी पिल्लू विकणारासुद्धा एकच सल्ला देतो: ‘सहा महिन्यांचं होऊ दे, मग ट्रेनर लावा.’ मी नेमकं उलट सांगेन. पहिली लस देऊन सात दिवस झाले असतील, जंताचं औषध पोटात गेलं असेल आणि पिल्लू नीट खात-खेळत असेल, तर आठव्या-नवव्या आठवड्यातच क्लास सुरू करा. सहा महिने थांबणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून आधी तिच्याबद्दलच सविस्तर.

हा सहा महिन्यांचा आकडा जुन्या पद्धतीच्या ट्रेनिंगमधून आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात पोलीस आणि लष्करी कुत्र्यांना शिकवताना गळ्यातल्या साखळीला झटके दिले जात. लहान पिल्लाची मान तो झटका सोसू शकत नाही, म्हणून थांबायचं. आज चांगला ट्रेनर चिकनचा बारीक तुकडा आणि शाबासकी यांवर शिकवतो, त्यामुळे थांबायचं कारणच उरलेलं नाही. इयान डनबार या पशुवैद्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात पट्टा न बांधता पिल्लांचे क्लास घ्यायला सुरुवात केली, त्यालाही आता चाळीस वर्षं होऊन गेली. आपल्याकडे मात्र जुना सल्ला अजून तसाच फिरतोय.

थांबल्याने नुकसान काय होतं? साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू जगाची ओळख करून घेत असतो. या काळात जे दिसलं, ऐकलं, हुंगलं आणि त्रासदायक ठरलं नाही, ते ‘आपलं’ होतं. नंतर समोर आलेली प्रत्येक नवी गोष्ट आधी संशयाने पाहिली जाते. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत हे तपासलं गेलं आणि १९६१ साली त्यावर निबंध प्रसिद्ध झाला. माणसांपासून लांब वाढवलेली पिल्लं वेगवेगळ्या वयात माणसांच्या सहवासात आणली गेली. ज्यांना चौदा आठवडे माणसाचा सहवासच मिळाला नाही, ती पुढे माणसाजवळ यायला तयार होईनात.

म्हणून या वयातला क्लास ‘सिट’ आणि ‘शेकहँड’ शिकायला नसतोच. अनोळखी माणसं, दुसरी पिल्लं, गुळगुळीत फरशी, पडलेल्या खुर्चीचा आवाज, हेल्मेट घातलेला माणूस, उघडलेली छत्री या सगळ्यांत आपण सुरक्षित आहोत हे पिल्लाला कळावं, यासाठी तो असतो. सिट तर ते जाता जाता शिकतं.

पुढची चूक पहिलीइतकीच पसरलेली आहे: ‘सगळे डोस पूर्ण होईपर्यंत घराबाहेर पाऊल नको.’ यामागची काळजी खरी आहे. पार्वो या उलट्या-जुलाबांच्या आजाराने पिल्लं दोन-तीन दिवसांत दगावतात, आणि त्याचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो. पण हिशोब मांडून बघा. लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होतात आणि दर दोन ते चार आठवड्यांनी एक असं करत सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती ओसरेपर्यंत लस नीट लागू पडेलच असं नसतं. म्हणजे शेवटचा डोस होईपर्यंत ओळखीचा काळ संपलेला असतो. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने म्हणूनच स्पष्ट सांगितलंय: निदान पहिली लस आणि जंताचं औषध झालेलं असेल, तर लसीनंतर सात दिवसांनी, सात-आठ आठवड्यांच्या वयातही पिल्लू क्लासला जाऊ शकतं. पुढचे डोस मात्र वेळच्या वेळी व्हायला हवेत. २०१३ साली तिथल्या चार शहरांतल्या हजाराच्या आसपास पिल्लांची माहिती तपासली गेली, तेव्हा लस सुरू असताना क्लासला गेलेल्या एकाही पिल्लाला पार्वो झाल्याचं आढळलं नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात लस न झालेली कुत्री रस्तोरस्ती आहेत, त्यामुळे ‘क्लास’ म्हणजे कुठलाही क्लास चालणार नाही. सार्वजनिक मैदानावर, जिथे सगळी कुत्री येऊन जातात, तिथला ग्रुप या वयाला नकोच. बंदिस्त जागा हवी आणि प्रत्येक पिल्लाचं लसीचं कार्ड दारातच बघितलं जायला हवं. फरशी कशाने पुसता, हे बेधडक विचारा. नुसत्या फिनाईलने पार्वो मरत नाही, त्याला ब्लीच लागतं. ‘हो हो, आम्ही स्वच्छ ठेवतो’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसरा क्लास शोधा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोची भीती असते तेव्हाही बंद हॉलच बरा, आणि तुमच्या भागात पार्वोची साथ चालू आहे का ते आपल्या व्हेटला फोन करून विचारा. असली तर दोन आठवडे क्लास पुढे गेला तरी चालेल, ओळखी थांबता कामा नयेत. पिल्लाला कडेवर घेऊन सोसायटीच्या गेटजवळच्या बाकावर बसा. दूधवाला, पार्सलवाला, काठीवाला वॉचमन, शाळेची व्हॅन असं सगळं जग तिथून जातं. पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, बाकी सगळं बघू द्यायचं.

घरात कुकरची शिट्टी हा मोठा प्रश्न असतो. पहिल्या दिवशी पिल्लू स्वयंपाकघरापासून सगळ्यात लांबच्या खोलीत, दार लोटलेलं. शिट्टी झाली की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा. क्रम हाच हवा: आधी आवाज, मग खाऊ. शिट्टी वाजताच पिल्लू तुमच्या हाताकडे बघायला लागलं की दार उघडं ठेवा, मग हळूहळू खोली जवळची करा. ढोल-ताशा आणि फटाक्यांचंही तसंच. जुलैत घरी आलेल्या पिल्लाला गणपती आणि दिवाळी फार लांब नसतात. आत्तापासूनच मोबाइलवर ते आवाज अगदी बारीक लावून त्याला जेवू घाला.

क्लासमध्ये गेल्यावर होणारी चूक म्हणजे जबरदस्ती. पहिल्या दिवशी बरीच पिल्लं मालकाच्या खुर्चीखाली जाऊन बसतात. मालकाला ओशाळल्यासारखं होतं आणि तो पट्टा धरून त्याला बाहेर ओढतो. ओढू नका. खुर्ची भिंतीकडे सरकवा, शेजारच्या पिल्लांपासून अंतर वाढवा आणि बसू द्या. आधी नाक बाहेर येतं, मग एक पंजा. तो पंजा त्याने स्वतःहून टाकलेला असतो, म्हणून त्याची किंमत फार मोठी. घरी ज्या चिकनवर तुटून पडतं, तेच इथे नाकासमोर धरूनही खात नसेल, सारखं जांभया देत असेल, ओठ चाटत असेल, शेपूट पोटाशी घेत असेल, तर ते घाबरलंय. अशा वेळी शिकवायचा प्रयत्न सोडून फक्त अंतर वाढवायचं.

उलटही होतं. दांडगं लॅब्रॅडॉर एखाद्या लहानशा पिल्लाला सारखं खाली पाडतं आणि सगळे ‘खेळतायत’ म्हणून कौतुकाने बघतात. खेळ आहे की छळ, हे ओळखणं सोपं आहे. दांडग्याला दोन क्षण धरून ठेवा. खालचं पिल्लू उठून परत त्याच्याकडेच गेलं तर खेळ. पळून गेलं तर दोघांना वेगळं करा. ट्रेनर हे स्वतः करत नसेल तर तो क्लास पिल्लासाठी बरा नाही.

भारतात २०१७च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तरी तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात. आई आणि भावंडांत राहूनच पिल्लू किती जोरात चावलं की समोरचा खेळ थांबवतो, हे शिकतं. लवकर तुटलेलं पिल्लू म्हणूनच जोरात चावतं, आणि त्याला दुसऱ्या पिल्लांची संगत जास्तच लागते. रस्त्यावरून उचलून आणलेल्या देशी पिल्लाला तर हमखास. दत्तक देशी पिल्लाला ‘हे आपोआप शिकतं’ म्हणून क्लासला न नेणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

ट्रेनर घरी येऊन तासभर पिल्लाला खाली फिरवून आणतो, किंवा महिनाभर आपल्याकडे ठेवून घेतो, यावर बरेच पैसे जातात. पिल्लू ट्रेनरचं ऐकायला लागतं, तुमचं नाही. क्लासला घरातलं माणूसच हवं, आणि शक्यतो पिल्लाला खायला घालणारं. घरी आल्यावर एक म्हणतो ‘सिट’, दुसरी ‘बस’, आजी ‘खाली बस बघू’. एकच शब्द ठरवून फ्रिजवर लिहून ठेवा. चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी), वर्तमानपत्राचा फटका, शू केलेल्या जागी नाक घासणं हे ज्या क्लासमध्ये चालतं, तिथून पहिल्याच दिवशी परत फिरा. पिल्लू त्यातून घाबरायला शिकतं, आणि घाबरलेलं कुत्रंच पुढे चावतं.

आठव्या महिन्याच्या आसपास सगळं शिकलेलं कुत्रं एकाएकी ऐकेनासं होतं आणि ‘क्लास फुकट गेला’ असं वाटतं. गेलेला नसतो. ब्रिटनमध्ये अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या पिल्लांवर झालेल्या २०२०च्या अभ्यासात दिसलं की त्या वयात कुत्रं आपल्याच माणसाचं कमी ऐकतं आणि पुढे ते सावरतं. त्या काळात ओरडाआरडा नको. सोप्या गोष्टी परत करून घ्या, आणि बाहेर लांब पट्टा ठेवा.

आणि वेळ निघून गेली असेल, पिल्लू पाच-सहा महिन्यांचं असून प्रत्येक पाहुण्याला भुंकत असेल, तर ग्रुप क्लासमध्ये ढकलू नका. आधी फक्त तुमच्याच पिल्लाला शिकवणारा ट्रेनर, मग एक शांत मोठं कुत्रं, मग छोटा गट. जास्त वेळ लागतो, पण फरक पडतो.

नाव घालण्याआधी एक क्लास पिल्लाला न नेता नुसता बघून या. पिल्लं सैल अंगाने खेळतायत का, ट्रेनर आवाज चढवतो का, मालकांना बोलू देतो का, हे अर्ध्या तासात कळतं. पहिल्या दिवशी पिल्लाला नेहमीच्या निम्मंच जेवण द्या, निघण्याआधी शू करवून घ्या, आणि लसीचं कार्ड, घरचं एखादं फडकं आणि बारीक कापलेला खाऊ बरोबर ठेवा.