शास्त्राचा पेपर: संगीत परीक्षेच्या उमेदवारांनी या चुका टाळाव्यात

नागपुरात गाणे किंवा तबला शिकणाऱ्या मुलांच्या घरी परीक्षेचा विषय निघाला की बोलणे रागांचे, तानांचे आणि साथीला कोण बसणार याचे होते. शास्त्राचा, म्हणजे संगीताच्या लेखी सिद्धान्ताचा पेपर मात्र आदल्या आठवड्यात वही उघडून उरकण्याची गोष्ट मानली जाते. मी धरमपेठेत काही वर्षांपासून विद्यार्थ्यांची या पेपराची तयारी करून घेते. त्यांच्या सराव-उत्तरपत्रिका तपासताना दिसते ते असे, की बहुतेक गुण विषय न कळल्यामुळे जात नाहीत. जे गळ्यातून आणि हातातून बरोबर निघते, ते कागदावर कधी उतरवूनच पाहिलेले नसते, म्हणून जातात. शास्त्राची वही मोठ्याने वाचून पाठ करणारे बरेच असतात, पण घड्याळ लावून कोऱ्या कागदावर लिहून पाहणारे फार थोडे.

अर्ज भरताना

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर या सत्रांत होतात. प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथम या परीक्षांना लेखी पेपर नसतो. तो प्रवेशिका पूर्णपासून सुरू होतो आणि विशारदपर्यंत पोहोचताना एकाचे दोन पेपर होतात. पहिल्या दोन परीक्षा गाऊन-बोलून पार केलेल्या मुलाला तिसऱ्या परीक्षेत प्रथमच उत्तरपत्रिका हाती मिळते, हे पालकांच्या लक्षात बहुधा अर्ज भरल्यानंतर येते. लेखी आणि क्रियात्मक या दोन्ही भागांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागत असल्यामुळे ‘प्रॅक्टिकलमध्ये भरून काढू’ हा हिशेब येथे चालत नाही.

अर्जातील नावाबाबतचा निष्काळजीपणा नंतर महागात पडतो. गुरूंकडे मुलाला ज्या लाडक्या नावाने ओळखतात तेच नाव अर्जात जाते, किंवा वडिलांचे नाव गळते, किंवा आडनावाचे स्पेलिंग शाळेतल्यापेक्षा वेगळे पडते. पुढे दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळवण्यासाठी हेच प्रमाणपत्र शाळेत द्यावे लागते, आणि तेव्हा दुरुस्तीसाठी धावपळ सुरू होते. अर्ज गुरू किंवा केंद्र भरत असले तरी तो सादर होण्यापूर्वी पालकांनी शाळेच्या नोंदीशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावा, आणि विषय व परीक्षेचे माध्यम बरोबर नोंदले आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे.

अभ्यासक्रमाची गल्लत ही नागपूरची खास अडचण म्हणावी लागेल. येथे मराठी आणि हिंदी शेजारी शेजारी नांदतात, खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय फार दूर नाही, आणि सीताबर्डीच्या दुकानांत मिळणारी शास्त्राची बरीच पुस्तके हिंदीत असतात. त्यांतली काही प्रयाग संगीत समिती या दुसऱ्या परीक्षा-संस्थेच्या अभ्यासक्रमाप्रमाणे ‘प्रथम वर्ष’, ‘द्वितीय वर्ष’ अशी विभागलेली असतात. तेथले द्वितीय वर्ष म्हणजे मंडळाची दुसरी परीक्षा असे समजून तयारी केली, तर राग वेगळे निघतात आणि व्याख्याही कमीअधिक होतात. म्हणून पुस्तक घेण्यापूर्वी मंडळाचा चालू अभ्यासक्रम हातात असावा. हिंदी पुस्तक वापरण्यास हरकत नाही, पण मराठी माध्यम निवडलेल्या उमेदवाराने एका ओळीत ‘टाळी’ आणि दुसऱ्या ओळीत ‘ताली’, वर ‘सतार’ आणि खाली ‘सितार’ असे लिहू नये. परिभाषेचा एक तक्ता वहीच्या पहिल्या पानावर करून ठेवावा.

पियानो, कीबोर्ड किंवा गिटार शिकून पाश्चात्त्य पद्धतीच्या ग्रेड परीक्षा देणाऱ्यांची अर्जातली चूक निराळी असते. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा-मंडळाच्या सहाव्या ते आठव्या ग्रेडची वादनाची परीक्षा द्यायची असेल, तर त्याआधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा त्या मंडळाने तिच्या जागी मान्य केलेली परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. ट्रिनिटी या दुसऱ्या ब्रिटिश संस्थेच्या परीक्षांना अशी अट नाही. पाचवी ग्रेड वाजवून झाल्यावर लगेच सहावीच्या रचना बसवायला घेणारे विद्यार्थी या अटीशी अर्जाच्या वेळी अडखळतात आणि एक सत्र फुकट जाते.

एकच खूण, दोन अर्थ

सर्वांत जास्त गुण जातात ते स्वरलेखनात, म्हणजे स्वर खुणांनी कागदावर लिहिण्यात. पं. विष्णु नारायण भातखंडे आणि पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या स्वरलेखनाच्या दोन्ही पद्धती अभ्यासाव्या लागतात आणि दोहोंत काही खुणा सारख्याच आहेत, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू तार (वरचे) सप्तक दाखवतो आणि मंद्र (खालच्या) सप्तकासाठी बिंदू खाली येतो; पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचा बिंदू मंद्र सप्तकाचा असतो आणि तार सप्तकासाठी वर उभी रेघ येते. तीच उभी रेघ भातखंडे पद्धतीत मध्यमावर आली तर तो तीव्र मध्यम होतो. शून्याचेही तसेच आहे. भातखंडे पद्धतीत ते कालाचे (‘खाली’चे), म्हणजे टाळी न देता हात बाजूला नेण्याच्या मात्रेचे चिन्ह आहे, तर पलुस्कर पद्धतीत स्वराखालचे शून्य अर्धी मात्रा दाखवते आणि कालासाठी अधिकाची खूण वापरतात. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, भातखंडे पद्धतीत गुणाकाराच्या फुलीने, तर पलुस्कर पद्धतीत १ या आकड्याने दाखवतात.

यमनची बंदिश लिहिताना याचा परिणाम पाहावा. मंद्र निषादावरून उठाव घेणाऱ्या ओळीत विद्यार्थ्याने निषादावर पलुस्कर पद्धतीचा बिंदू दिला आणि पुढच्या तीव्र मध्यमावर भातखंडे पद्धतीची उभी रेघ दिली, तर परीक्षकाला एका पद्धतीने वाचताना निषाद तार सप्तकात गेलेला दिसतो, आणि दुसऱ्या पद्धतीने वाचताना मध्यम तार सप्तकातला शुद्ध मध्यम होतो. कोणत्याही वाचनात यमन उरत नाही. माझ्या स्वतःच्या मध्यमा प्रथम या पुढच्या परीक्षेच्या पेपरात मी हाच घोळ घातला होता. बंदिश लहानपणापासून पाठ होती, गुणपत्रिका पाहून राग आला, आणि चूक कळायला पुढे स्वतः उत्तरपत्रिका तपासण्याची वेळ यावी लागली.

यावर उपाय सोपा आहे. प्रश्नात एखादी पद्धत सांगितली नसेल, तर एकच पद्धत निवडावी, उत्तराच्या वर तिचे नाव लिहावे आणि वापरलेल्या खुणांचा खुलासा दोन ओळींत द्यावा. भातखंडे पद्धत वापरणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी सांभाळाव्यात. कोमल स्वराची आडवी रेघ, मंद्राचा बिंदू आणि एका मात्रेतले स्वर बांधणारी कमान या तिन्ही खुणा स्वराखालीच येतात. म्हणून आधी रेघ, तिच्याखाली बिंदू आणि सर्वांत खाली कमान असा क्रम ठेवला नाही, तर मंद्र कोमल निषाद नुसता गिचमिड दिसतो. स्वर लांबवण्यासाठी आडवी रेघ आणि शब्दातला स्वर लांबवण्यासाठी अवग्रह (ऽ), ही अदलाबदल होऊ देऊ नये. तिसरी गोष्ट देवनागरी लिहिणाऱ्यांचीच आहे: ‘ग’वरचा तार सप्तकाचा बिंदू अनुस्वारासारखा वाचला जातो, त्यामुळे तो अक्षरापासून थोडा वर आणि ठळक द्यावा.

लयकारीचा हिशेब

तालाची एकगुन, म्हणजे मूळ लयीतले आवर्तन, लिहिताना मात्रा, विभाग, बोल आणि चिन्हे या चार ओळी एकाखाली एक हव्यात. रूपकात पहिल्याच मात्रेवर काल येतो, तरी सवयीने तेथे फुली पडते. टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर आहेत. एकताल आणि चौताल यांचा सांगाडा एकच असतो, म्हणजे १२ मात्रा, दोन-दोनचे सहा विभाग, टाळ्या १, ५, ९, ११ आणि काल ३ व ७. पण बोल अर्थातच वेगळे. घाईत एकाच्या विभागांत दुसऱ्याचे बोल बसवलेले मी पुष्कळदा पाहिले आहेत. एकतालातला ‘धागे’ ही एक मात्रा आहे आणि ‘तिरकिट’ हीही एकच. ज्यांनी ‘धा’ आणि ‘गे’ वेगवेगळ्या मात्रा धरल्या, त्यांचे आवर्तन बारात बसत नाही आणि दुगुन (दुप्पट लयीतले आवर्तन) तर पूर्णच कोलमडते.

दुगुन, तिगुन लिहिताना बोल दाट होतात. विभाग, टाळी आणि काल आपल्या जागीच राहतात. हे सांगताना क्षुल्लक वाटते, परंतु दुगुनीत चिन्हेही दोनदा लिहिणारे उमेदवार प्रत्येक तुकडीत सापडतात. ‘एका आवर्तनाची तिगुन समेवर आणा’ असा प्रश्न आला, की आरंभाची मात्रा काढण्यात बहुतेकांचा गोंधळ होतो. झपतालाच्या १० मात्रा तिगुनीत ३ पूर्णांक १ तृतीयांश मात्रांत संपतात, म्हणजे आरंभ सातव्या मात्रेच्या पोटात होतो. अपूर्णांकाची भीती वाटणाऱ्यांनी शेवटापासून उलटे लिहीत यावे. दहाव्या मात्रेत ‘धीधीना’, नवव्यात ‘नातीना’, आठव्यात ‘नाधीधी’. आता पहिला ‘धी’ एकटा उरला, तो सातव्या मात्रेच्या शेवटी, म्हणून तेथे ‘ऽऽधी’. चौगुनीतही असेच येते: दहाव्यात ‘नाधीधीना’, नवव्यात ‘धीधीनाती’, आठव्यात ‘ऽऽधीना’. लिहून झाल्यावर हाताने ठेका धरून ते एकदा मनातल्या मनात म्हणावे. समेवर आले नाही तर चूक लगेच कळते. तबल्याच्या विद्यार्थ्यांना हे सांगावे लागत नाही, गायनाच्या विद्यार्थ्यांना मात्र दरवर्षी सांगावे लागते.

राग, श्रुती आणि दोन विष्णू

रागांची तुलना विचारली, की भूप आणि देशकार यांचे पाच स्वर लिहून मुले थांबतात. स्वर सारखेच आहेत, म्हणूनच तर प्रश्न विचारला आहे. भूप कल्याण थाटाचा (थाट म्हणजे रागांचा मूळ स्वरगट), गांधार वादी (मुख्य स्वर), धैवत संवादी (त्याखालोखालचा), वेळ रात्रीची. देशकार बिलावल थाटाचा, धैवत वादी, गांधार संवादी, वेळ सकाळची. त्यापुढे भूपाची चाल पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात) कशी रमते आणि देशकाराची उत्तरांगात (वरच्या अर्ध्या भागात) कशी, हे एकेका स्वरसमूहाने दाखवल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांबाबतही हेच करावे.

श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतरांच्या, प्रश्नात २२ ही संख्या सर्वांना येते. षड्ज, मध्यम आणि पंचम यांच्या ४, ऋषभ-धैवतांच्या ३, गांधार-निषादांच्या २ हेही येते. चूक होते ती स्वराच्या जागेत. प्राचीन ग्रंथकार स्वर त्याच्या शेवटच्या श्रुतीवर मानतात, त्यामुळे षड्ज चौथ्या श्रुतीवर येतो. भातखंडे तो पहिल्या श्रुतीवर मानतात. कोणाचे मत लिहीत आहोत ते आधी सांगितले, की तक्ता आपोआप बरोबर येतो.

चरित्रात दोन विष्णूंची सरमिसळ होते. विष्णु नारायण भातखंडे यांचा काळ १८६० ते १९३६, विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा १८७२ ते १९३१. गांधर्व महाविद्यालय १९०१ मध्ये लाहोरला सुरू झाले, मुंबईला नव्हे. आणि गायक द. वि. पलुस्कर हे विष्णु दिगंबरांचे पुत्र.

परीक्षेच्या दिवशी

उन्हाळी सत्रात नागपूरचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो आणि लिहिणारा हात कागदाला चिकटतो. शाईच्या किंवा जेल पेनाने दिलेला बिंदू घामाने पसरला, की मंद्राचा बिंदू कोमलाच्या रेघेसारखा दिसू लागतो. म्हणून साधा बॉलपेन वापरावा आणि मनगटाखाली एक जाड कोरा कागद ठेवावा. विभागांच्या रेघा ओढायला पट्टी जवळ असावी. हिवाळी सत्राच्या दिवसांत अनेकदा विधिमंडळाचे अधिवेशनही शहरात भरलेले असते. मोर्चे निघाले की मॉरिस कॉलेज टी-पॉइंट आणि सिव्हिल लाइन्सच्या बाजूचे रस्ते वळवले जातात, तेव्हा केंद्र त्या भागात असेल तर आदल्या दिवशीच्या बातम्या पाहून निघावे आणि शक्य असल्यास मेट्रोने सीताबर्डीपर्यंत येऊन पुढे चालत जावे.