पडद्यावरचा फोटो कागदावर तसाच उतरवायचा असेल तर

प्रिंटर घरात आहे, शाई भरलेली आहे आणि फोटोपेपरचं पाकीट आणलेलं आहे, हे धरूनच मी सुरुवात करते. सहा रंगांचा इंकटँक प्रिंटर असेल तर चेहऱ्याचे फिके रंग जास्त मऊ येतात. चार रंगांचा असेल तरी पद्धत हीच.

आधी मूळ फाइल मिळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. ज्याने काढला त्याला तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, ए४ ला साधारण २४८० बाय ३५०८. बारा मेगापिक्सेलच्या फोनचा न कापलेला फोटो ए४ ला सहज पुरतो. फाइलमधला ७२ हा आकडा (दर इंचाला किती पिक्सेल) बदलून ३०० केला की फोटो सुधारतो, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त आकडा बदलतो.

मग क्रॉप. फोनचा फोटो ४:३ असतो आणि ४ बाय ६ चा कागद ३:२. म्हणजे फोटोच्या अरुंद बाजूचा जवळपास नववा हिस्सा जाणारच. तो कुठला जावा हे तुम्ही ठरवा, नाहीतर प्रिंटर ठरवेल आणि मागच्या रांगेतल्या मामाचं डोकं कापलं जाईल. बिनकाठाचं छापताना ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं संगणकातलं सॉफ्टवेअर, फोटो थोडा मोठा करून कडा कापतो, हेही लक्षात ठेवा. मी तर चारही बाजूंनी पांढरी पट्टी सोडते. फ्रेममध्येही ती बरी दिसते.

एडिटिंग थोडकंच करा: फोटो सरळ करा, चेहरा उजळा, पांढऱ्यावर निळसर किंवा पिवळी झाक असेल ती काढा, आणि आकार पक्का झाल्यावर शेवटी शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणं. कागदासाठी शार्पनिंग पडद्यावर योग्य वाटतं त्याहून किंचित जास्त लागतं, मॅट (बिनचमकीच्या) कागदावर तर आणखी थोडं. गिंप आणि डार्कटेबल ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि या कामाला पुरेशी आहेत. फाइल एसआरजीबी या पडद्यासाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत सेव्ह करा. «छापायचंय ना, मग सीएमवायके कर» (म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत बदल) हा सल्ला ऑफसेट छापखान्यासाठी ठीक आहे. घरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर आरजीबी फाइलच मागतो. तिचं शाईत रूपांतर तो स्वतः करतो.

इथपर्यंत सगळ्यांना जमतं. खरी अडचण पुढे येते.

काळवंडलेला फोटो

आजीच्या पंचाहत्तरीला मी तिचा ए४ फोटो छापायला घेतला होता. वांगी रंगाचं इरकल, हिरवे काठ, मागे कोथरूडच्या घराची गॅलरी. पडद्यावर साडीचा धागा न् धागा दिसत होता. कागदावर मात्र साडी काळी ठिक्कर पडली, काठ दिसेनासे झाले आणि आजीच्या डोळ्यांखाली सावल्या आल्या. मी फोटो उजळून पुन्हा छापला, तर चेहरा लालसर. लाल कमी केला, तर हात हिरवट. चौदा कागद गेले, रात्रीचा एक वाजला, आणि शेवटी वाढदिवसाला फ्रेम रिकामीच राहिली. त्या रात्री माझ्या एकाऐवजी दोन चुका होत्या आणि मी त्या एकत्रच निस्तरायला बघत होते. म्हणून रंगांत हात घालण्याआधी उजेडाचा प्रश्न सोडवा. हा क्रम उलटला की कागद वाया जातात.

पहिली चूक पडद्याची होती. पडदा स्वतः प्रकाश टाकतो, कागद फक्त खोलीतला प्रकाश परत पाठवतो. लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण वाढवलेला असेल तर अंधारा फोटोही उजळ दिसतो. तो बघून आपण एडिटिंग थांबवतो आणि कागद खरा अंधार दाखवतो. उपाय साधा आहे. कोरा पांढरा कागद पडद्याच्या शेजारी धरा, पडद्यावर रिकामं पांढरं पान उघडा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. पहिल्यांदा पडदा फारच मंद झाला असं वाटेल. पाच मिनिटं तसाच राहू द्या, डोळे सरावतात. पडदा पिवळसर करणारा नाइट लाइट बंद करा, आपोआप कमीजास्त होणारा ब्राइटनेसही बंद करा. आता आजीचा फोटो उघडला असता तर साडी काळी पडतेय हे मला छापायच्या आधीच दिसलं असतं.

दुसरी चूक ड्रायव्हरमधली होती, आणि चेहरा लाल होण्यामागे बहुतेक वेळा हीच असते. रंगांचं रूपांतर एकानेच करायचं असतं: एकतर फोटो छापणाऱ्या सॉफ्टवेअरने, नाहीतर प्रिंटरने. मी सॉफ्टवेअरमध्ये कागदाचा आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) निवडला होता आणि ड्रायव्हरमधली रंगसुधारणाही चालूच होती. म्हणजे एकाच फोटोवर दोनदा दुरुस्ती झाली. तुमच्या कागदाच्या कंपनीने तुमच्या प्रिंटरसाठी प्रोफाइल दिलेला असेल तर तो सॉफ्टवेअरमध्ये निवडा आणि ड्रायव्हरमध्ये रंग पूर्ण बंद करा. एप्सनमध्ये कलर करेक्शन कस्टम करून आत नो कलर अ‍ॅडजस्टमेंट असतं. कॅननमध्ये कलर मॅन्युअल करून मॅचिंगमध्ये नन निवडायचं. प्रोफाइल नसेल, आणि स्वस्त सुट्या कागदाला तो बहुधा नसतोच, तर उलट करा: सॉफ्टवेअरमध्ये प्रिंटरला रंग सांभाळू द्या असं निवडा आणि ड्रायव्हरला त्याचं काम करू द्या. दोन्हीतली कुठलीही वाट धरा, पण एकच.

ड्रायव्हरच्या त्याच खिडकीत कागदाचा प्रकार असतो. तो चुकला की बाकी सगळं व्यर्थ. प्लेन पेपर ठेवून ग्लॉसीवर (चकचकीत कागदावर) छापलं तर शाईचं प्रमाणच चुकतं. हे मी अजूनही प्रत्येक वेळी बोट ठेवून तपासते. फोनवरून थेट छापताना यातलं बरंचसं हाताशी येत नाही, म्हणून फ्रेमसाठीचा फोटो संगणकावरूनच छापा.

पट्ट्या छापा

आता ज्या कामाचा लोक कंटाळा करतात ते. अख्खा ए४ लगेच छापू नका. फोटोतला महत्त्वाचा तुकडा कापा, ज्यात चेहरा आणि सगळ्यात गडद कापड दोन्ही येतील. त्याच्या चार प्रती एका ४ बाय ६ कागदावर शेजारी शेजारी मांडा. पहिली जशी आहे तशी, मग एक्स्पोजर ०.२, ०.४ आणि ०.६ ने वाढवून. खाली आकडे टाका. ही झाली चाचणीची पट्टी. कागद त्याच कंपनीचा, त्याच प्रकारचा हवा, कारण ग्लॉसीवरची पट्टी मॅटबद्दल काहीच सांगत नाही.

छापल्या छापल्या निकाल लावू नका. शाई सुकताना रंग थोडा बसतो, किमान अर्धा तास द्या. मग पट्टी खिडकीपाशी न्या आणि दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नाही, अशी बघा. पिवळ्या दिव्याखाली चेहरे उबदार वाटतात, ट्यूबलाइटखाली तेच पिठूळ दिसतात. रात्री दिव्याखाली ठरवलेला रंग मला सकाळी बदलावा लागला नाही असं क्वचितच झालंय. फ्रेम हॉलमधल्या ज्या भिंतीवर जाणार आहे, तिथेही एकदा धरून बघा.

निवडलेला आकडा वहीत लिहा: कागद कुठला, ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार कुठला निवडला, किती वाढवलं. माझ्या वहीत सॅटिन (मंद चमकेच्या) कागदापुढे ०.३ आहे आणि पडद्याचा ब्राइटनेस बदलला नाही तोपर्यंत तो आकडा बहुतेक फोटोंना चालतो. आजीच्या फोटोला शेवटी ०.४ लागलं. साडी पुन्हा वांगी झाली.

एक रंग मात्र पट्टीनेही पुरता हाती लागत नाही, तो म्हणजे भगवा. पालखी पुण्यात येते तेव्हाच्या पताका, बाप्पाचा शेंदूर, मिरवणुकीतला गुलाल हे रंग पडद्यावर जितके झळकतात तितके शाईला जमत नाहीत. चुकीचा उपाय म्हणजे सॅच्युरेशन वाढवणं. त्याने पताकेच्या घड्याच नाहीशा होतात आणि कापडाऐवजी एकसलग नारिंगी डाग उरतो. मी उलट सॅच्युरेशन थोडं कमी करते आणि रंगाची छटा किंचित लालाकडे नेते, म्हणजे घड्या टिकतात. प्रोफाइल असेल तर गिंप किंवा डार्कटेबलमध्ये सॉफ्टप्रूफ (कागदावर कसं दिसेल याची पडद्यावरची झलक) चालू करून रंग कुठे हाताबाहेर जातोय ते आधीच बघा, आणि छापताना रंग-रूपांतराच्या पर्यायांतला पर्सेप्च्युअल निवडा. असे फोटो ग्लॉसी किंवा सॅटिनवरच छापा. मॅटवर भगवा मंद पडतो.

पावसाळा आणि प्रिंटर

जून ते सप्टेंबर पुण्यातली हवा दमट असते आणि कागद तो ओलावा शोषून घेतो. तो वळतो, त्याची कड शाई सोडणाऱ्या हेडला घासते आणि प्रिंटवर काळी रेघ येते. पाकीट उघडल्यावर उरलेले कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा आणि लागतील तेवढेच बाहेर काढा. एप्रिल-मेमध्ये उलट, नोझल, म्हणजे हेडमधली शाईची बारीक छिद्रं, सुकतात. आठवड्यातून एक छोटा रंगीत फोटो छापत राहा. रेघा आल्याच तर आधी नोझल चेक छापा आणि एकदाच हेड क्लीनिंग करा. लागोपाठ चार वेळा करू नका. त्यात शाई वाया जाते आणि आतला टाकाऊ शाईचा पॅड भरतो. एकदा क्लीनिंग करून रात्रभर तसंच ठेवा, सकाळी पुष्कळदा नोझल मोकळे होतात.

छापलेला फोटो पंख्याखाली उघडा ठेवू नका, धूळ चिकटते. सपाट ठेवून वर साधा कागद टाका आणि दिवसभर सुकू द्या, मगच फ्रेम करा. काच थेट फोटोला टेकू देऊ नका, मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घाला, नाहीतर दमट दिवसांत फोटो काचेला चिकटतो आणि काढताना फाटतो. डाय शाईचा (विरघळलेल्या रंगाच्या शाईचा) फोटो उन्हात लवकर फिका पडतो, त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळा. मूळ फाइल, एडिट केलेली फाइल आणि वहीतला आकडा एकाच फोल्डरमध्ये ठेवा, कारण आजीचा फोटो बघितला की मावशीलाही एक हवा असतो.