काळ्या टी-शर्टवर भगवा: मधला फ्लॅश किती द्यायचा?

गणपती जवळ आले की मंडळांच्या टी-शर्टची स्क्रीन प्रिंटिंगची, म्हणजे जाळीच्या फ्रेममधून शाई दाबून छापायची, कामं सुरू होतात. कापड काळं, छपाई भगवी. नुसता भगवा काळ्यात बुडून जातो, म्हणून खाली पांढरा बेस मारतात. पण बेस ओला असतानाच भगवा मारला, तर पांढरा वरच्या फ्रेमच्या जाळीला चिकटतो आणि भगवा फिकटतो. म्हणून मधे फ्लॅश, म्हणजे तापलेलं पॅनल काही सेकंद वर धरून बेस वरवर घट्ट करणं.

प्लॅस्टिसोल शाई पंख्याखाली रात्रभर ठेवली तरी वाळत नाही. तिला उष्णताच लागते. नेहमीची शाई साधारण 160 अंश सेल्सिअसला पूर्ण पिकते, म्हणजे आतपर्यंत कायमची घट्ट होते. फ्लॅशमध्ये तिथवर जायचंच नाही. 105 ते 120 अंशांच्या आसपास, दुधावर साय धरते तसा वरचा थर धरला की पुरे.

आधी रिकामं टेबल फ्लॅशखाली तापवून घ्या. थंड टेबलावरचे पहिले दोन-चार नग हमखास कच्चे राहतात. बेस मारा, पॅनल कापडापासून 5-7 सेंटिमीटरवर आणा आणि 6-8 सेकंदांपासून सुरुवात करा. पॅनल बाजूला करून बोट हलकेच टेकवा. किंचित चिकट लागावं, पण शाई बोटाला येऊ नये. आली तर एकेक सेकंद वाढवा. पावसाळ्यात सुती कापड दमट असतं, तेव्हा वेळ जास्त लागतो. तासाभरात टेबल चांगलं तापतं, मग सेकंद कमी करत जा. सकाळचा आकडा दुपारी चालत नाही, आणि नव्या कारागिराची चूक बहुधा इथेच होते.

फ्लॅश जास्त झाला, तर बेस पुरता पिकतो आणि भगवा त्याला नीट धरत नाही. धुताना सालपटासारखा निघतो. कच्च्यापेक्षा ही चूक वाईट, कारण छापताना दिसतच नाही. फ्लॅशनंतर लगेच दुसरी फ्रेमही टेकवू नका. तापलेल्या कापडामुळे जाळीतच शाई घट्ट होते. थोडं निवू द्या.

पॉलिएस्टरच्या जर्सीला मात्र बेसच वेगळा लागतो, नाहीतर उष्णतेने कापडाचा रंग वर चढतो आणि लाल जर्सीवरचा पांढरा गुलाबी होतो.

शेवटी सगळे थर एकत्र पूर्ण पिकवा. गार झाल्यावर छपाई ताणून बघा. भेगा पडल्या तर माल अजून कच्चा आहे, घडी घालू नका.